वीस दिनार

गुदैबियाच्या एक्स्चेंजमध्ये, गुरुवारी रात्री,
शिजीनं काचेखालून मला
वीस दिनार जास्त सरकवले.
कोऱ्या नोटा, एकमेकींना चिकटलेल्या.
तिचं लक्ष घड्याळाकडे, माझं पावतीकडे,
कळलं ते ज्यूसच्या दुकानापाशी, घाम पुसताना.

उभा राहिलो.
खरं सांगतो, पाय थांबले ते आधी
आनंदानं.
मग डोक्यातला वकील बोलू लागला:
कंपनी मोठी आहे. तुझ्याकडून कमिशन घेतेच.
मागच्या महिन्यात रेट पडला तेव्हा कुणी परत दिले होते?
वकील हुशार. त्याला दरवेळी माझीच केस मिळते.
पण काचेमागचा तिचा चेहरा दिसत राहिला,
संध्याकाळी पाच वाजल्यापासून तेवढंच हसणारा,
आणि शटर पडल्यावर गल्ला जुळला नाही तर
भरायचे कुणी, हे मला ठाऊक होतं.
छतावर कॅमेरा होता, हेही ठाऊक होतं.
यातलं कुठलं कारण मला मागे घेऊन गेलं
ते अजून ठरत नाही.

नोट ठेवली. ती खुर्चीतून अर्धी उठली.
"चेट्टा," एवढंच म्हणाली.
मी लगेच निघायला हवं होतं.
पण रांगेतल्या चार माणसांनी नीट पाहावं
इतका वेळ मी तिथे रेंगाळलो.

मग काय, खोलीवर जाताना दोन बोटं उंच.
चहावाल्या पोराला शंभर फिल्स वर दिले.
चिपळूणला फोन केला, वैजूनं सासऱ्यांना दिला,
ते म्हणाले, शेवटी संस्कार!
मी "छे छे" म्हणालो,
दोनदा म्हणालो, म्हणजे त्यांना परत म्हणता यावं.

रविवारी सित्रा. साइटवरची केबिन,
एसीचं पाणी बादलीत टपटपतंय.
समोर चौदा जणांची टाइमशीट.
कुरियन साहेब दारातूनच म्हणाले, राउंड करून टाक.
पाऊण तासाचा अर्धा केला,
अर्ध्याचं शून्य.
पेन थांबलं नाही.
हेच सांगायचं होतं मला, बाकीचं सगळं उगाच लांबलं:
गुरुवारी पाय थांबले होते,
रविवारी पेन थांबलं नाही.
वकिलालाही उठावं लागलं नाही.
खात्यावर शिल्लक होती ना,
गुरुवारचं पुण्य मी रविवारी वटवलं.
शिवाय इथे काच नव्हती, चेहरा नव्हता,
नुसते आकडे. चारशे सतरा, चारशे अठरा.
चौदा जणांचे मिळून किती होतात?
हिशेब मला येतो.
म्हणूनच केला नाही.

दुपारी, उन्हातलं काम बंद असताना,
चारशे सतरा केबिनच्या दारात आला.
लिंगय्या, जगत्यालचा. हातात पाण्याची रिकामी बाटली,
बाटलीत गुंडाळी करून घातलेलं पाकीट.
मला वाटलं, तासांचं विचारणार.
मी उत्तर तयार ठेवलं. साहेबांचं नाव, कंपनीचा नियम.
तो चपला बाहेर काढून आत आला.
म्हणाला, "साब, मेसमध्ये बोलतात,
तुम्ही एक्स्चेंजला जाऊन पैसे परत दिले.
कॅम्पात कुलूप टिकत नाही.
सुट्टीला जाईपर्यंत हे तुमच्यापाशी राहू दे."

मी म्हणालो, मोजून दे.
तो म्हणाला, तुम्हीच मोजा.

मोजले. घामानं मऊ पडलेल्या नोटा,
एकही दुसरीला चिकटलेली नव्हती.
परत मोजले.
त्यानं सांगितले तेवढेच होते,
एक फिल्सही जास्त नाही.